सोल खिशात, डॉलर मनात

पेरूत उतरलेल्या प्रवाशाच्या कानावर पहिल्याच दिवशी दोन चलनांतले भाव पडतात. हॉटेलवाला खोलीचं भाडं डॉलरमध्ये सांगतो. माचू पिक्चूच्या आगगाडीचं तिकीट डॉलरमध्ये असतं आणि नास्काच्या रेषा विमानातून दाखवणारा दलालही डॉलरच बोलतो. हॉटेलच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आलं की मात्र डॉलर गायब. टॅक्सी, दुपारचं जेवण, पाण्याची बाटली, देवळासमोर विकायला मांडलेली लोकरी टोपी, सगळ्याचा भाव सोलमध्ये. नवख्याला वाटतं, आपण परदेशी म्हणून हा घोळ चाललाय. तसं नाही. लिमाचा मध्यमवर्गीय माणूसही घर विकत घेताना डॉलरमध्ये विचार करतो आणि भाजी घेताना सोलमध्ये. या दुहेरी हिशोबाचं कारण कळलं, की पेरूच्या पैशाबद्दलच्या निम्म्याअधिक शंका आपोआप सुटतात. पण आधी हातात काय पडतं ते पाहू.

सोल हे पेरूचं अधिकृत चलन. अनेकवचनी सोलेस. एका सोलचे शंभर सेंतिमो. दुकानांच्या पाट्यांवर भावाच्या आधी ‘एस’ आणि तिरपी रेघ अशी खूण असते. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण चिलीत आणि अर्जेंटिनात पेसोलाही डॉलरचीच खूण लावतात आणि तिथे प्रवासी हमखास गडबडतो. पेरूत खुणा वेगळ्या आहेत. दशांश चिन्हही आपल्यासारखं टिंबाचं आहे, स्वल्पविरामाचं नाही. साडेबारा सोल लिहिताना बारा, टिंब, पन्नास असंच लिहितात.

नाणी सहा: १०, २० आणि ५० सेंतिमो, मग १, २ आणि ५ सोल. पहिल्या दोन-तीन दिवसांत डोळ्यांना फसवतात ते यांचे आकार. १ सोलचं नाणं सगळ्यांत मोठं आहे. २ आणि ५ सोलची नाणी त्याहून लहान, पण दोन धातूंची: कडेला पोलादी पांढरं कडं आणि मध्ये पिवळी टिकली. २ सोलवर नास्काच्या रेषांमधला हमिंगबर्ड आहे आणि ५ सोलवर त्याच रेषांमधला फ्रिगेट पक्षी. म्हणजे आकारावर जाऊ नका, रंगावर जा. ५० सेंतिमो आणि १ सोल ही दोन्ही नाणी पांढरट दिसतात. घाईत टॅक्सीवाल्याला अर्ध्याच्या जागी अख्खा सोल दिला जातो तो इथेच.

१ सेंतिमोचं नाणं २०११ मध्ये चलनातून गेलं आणि ५ सेंतिमोचं २०१९ च्या पहिल्या दिवशी. मोठ्या दुकानांत भाव मात्र अजून नऊ-नव्याण्णव छापाचे असतात. मग १३ सोल २८ सेंतिमोचं बिल रोख कसं चुकवायचं? १३ सोल २० सेंतिमो देऊन. रोखीत वरची चिल्लर गिऱ्हाइकाच्या बाजूने सोडायची, असा तिथला नियम आहे. कार्डाने दिले तर पूर्ण १३.२८ जातात. फरक नगण्य आहे, पण गल्ल्यावरची मुलगी आठ सेंतिमो कमी का घेते, या कोड्याचं उत्तर हे आहे.

नोटा पाच: १०, २०, ५०, १०० आणि २०० सोल. सध्या दोन पिढ्यांच्या नोटा एकत्र फिरतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. जुन्या पिढीत १० च्या नोटेवर वैमानिक होसे आबेलार्दो किन्योनेस, १०० वर इतिहासकार होर्हे बासाद्रे आणि २०० वर सांता रोसा दे लिमा ही संत. नवी मालिका २०२१ पासून यायला लागली. तिच्यात १० वर ‘ला फ्लोर दे ला कानेला’ या गाण्याची रचनाकार चाबुका ग्रांदा, २० वर केचुआ लोकांचं जग स्पॅनिश कादंबरीत आणणारा होसे मारिया आर्गेदास, ५० वर इंका इतिहासाच्या अभ्यासक मारिया रोस्त्वोरोव्स्की, १०० वर अग्निबाणांच्या स्वप्नांसाठी ओळखला जाणारा पेद्रो पाउलेत आणि २०० वर चित्रकार तिल्सा त्सुचिया. पाठीमागे प्राणी आणि पक्षी: १० वर विकुन्या, २० वर कोंडोर, ५० वर जॅग्वार. पाचांपैकी तीन नोटांवर स्त्रिया, त्याही कर्तबगारीच्या जोरावर. मला ही मालिका जुनीपेक्षा जास्त आवडते. काही जुन्या नोटांवर ‘नुएवोस सोलेस’ म्हणजे नवे सोल असं छापलेलं दिसेल. त्या बाद झालेल्या नाहीत. चलनाचं नाव २०१५ च्या डिसेंबरात ‘नुएवो सोल’वरून नुसतं ‘सोल’ झालं, किंमत तीच राहिली.

रुपयांत हिशोब करायचा तर अलीकडे एक सोल पंचवीस रुपयांच्या आसपास फिरतो. शंभर रुपयांचे चार सोल, एवढं धरून चाललं तर बाजारात उभ्याउभ्या गणित जमतं. साध्या खाणावळीत दुपारी ‘मेनू’ मागितलं की सूप, मुख्य पदार्थ आणि पेय असं ताट बारा-पंधरा सोलला मिळतं, म्हणजे तीन-पावणेचारशे रुपये. माचू पिक्चूचं परदेशी प्रौढासाठीचं साधं तिकीट गेली काही वर्षं १५२ सोल आहे, आणि कुस्कोच्या परिसरातल्या अवशेषांसाठीचं एकत्रित पर्यटक तिकीट १३०.

पण नुसत्या रुपयांच्या गुणाकाराने नोटेचं वजन कळत नाही. त्यासाठी दुसरा आकडा घ्या. पेरूचं किमान मासिक वेतन २०२५ पासून १,१३० सोल आहे. म्हणजे २०० ची एक नोट किमान वेतनावर राबणाऱ्याच्या महिन्याच्या कमाईचा सहावा हिस्सा होते. ती नोट तुम्ही तीन सोलच्या केळ्यांसाठी पुढे केलीत तर भाजीवाली हसणारच. हा मुद्दा पुढे सुट्ट्यांच्या प्रकरणात पुन्हा येईल.

आता तो दुहेरी हिशोब.

इंकांच्या साम्राज्यात नाणं नव्हतं. राज्य श्रमावर चाले. लोक पाळीपाळीने राज्याचं काम करत आणि कोठारांतून धान्य, कापड वाटलं जाई. नाणी स्पॅनिशांनी आणली. लिमाच्या टांकसाळीची स्थापना १५६५ सालची. त्या काळी पेरूच्या व्हाइसरॉयच्या अमलाखालच्या, आणि आज बोलिव्हियात असलेल्या, पोतोसीच्या डोंगरातून निघालेली चांदी जगभर गेली. स्पॅनिश अमेरिकेतल्या चांदीची बरीच नाणी व्यापारातून भारतात पोचत आणि सुरतेच्या टांकसाळीत वितळून त्यांचे मुघल रुपये पाडले जात. आपला आणि त्या खंडाचा पैशाचा संबंध एवढा जुना आहे, मात्र आज मुंबईतल्या परकीय चलनाच्या दुकानात सोल मागितला तर काउंटरवरचा माणूस मान हलवतो.

स्वतंत्र पेरूने १८६३ मध्ये दशमान पद्धतीचा सोल आणला. पुढे तो ‘सोल दे ओरो’, सोन्याचा सोल, झाला. नावात सोनं शिल्लक राहिलं आणि किंमत घसरत गेली. १९८५ च्या फेब्रुवारीत तीन शून्यं कापून इंती आणला: एक हजार सोल दे ओरो बरोबर एक इंती. त्याच वर्षी जुलैत आलान गार्सिया राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या सरकारने भाव गोठवले, परकीय कर्जाची फेड निर्यातीच्या दहा टक्क्यांपुरती मर्यादित ठेवण्याचं जाहीर केलं, डॉलरचे वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे दर ठरवले, आणि तिजोरीतली तूट मध्यवर्ती बँकेला नोटा छापायला लावून भरली. सुरुवातीची दोन वर्षं बाजार तेजीत होता. मग गंगाजळी आटली आणि भाव सुटले. १९९० साली महागाईचा वार्षिक दर सात हजार टक्क्यांच्या वर गेला. पगार हातात पडला की दुपारच्या आत त्याचं तेल-तांदूळ करून टाकायचं, कारण उद्या तेवढ्याच पैशांत कमी येणार. लोक असे वागू लागले.

१९९० च्या ऑगस्टमध्ये, आल्बेर्तो फुहिमोरी सत्तेवर येऊन पंधरवडाही झाला नव्हता, तेव्हा पंतप्रधान हुआन उर्तादो मियेर यांनी दूरचित्रवाणीवर येऊन सगळी अनुदानं काढल्याचं जाहीर केलं. पेट्रोल एका रात्रीत सुमारे तीस पटींनी महागलं. वयस्कर माणसं अजून त्या रात्रीला ‘फुहिशॉक’ म्हणतात. पुढच्या वर्षी जुलैत नुएवो सोल चलनात आला: दहा लाख इंती बरोबर एक नवा सोल. दोन्ही काटछाटी गुणून पाहिल्या तर जुन्या शंभर कोटी सोल दे ओरोंचा एक नवा सोल झाला. इंतीची सगळ्यांत मोठी नोट पन्नास लाखांची होती. तिची किंमत, आज तुम्ही शौचालयवाल्याला सुटे करायला देता त्या पाच सोलच्या नाण्याएवढी. त्या इंतीच्या नोटा आता फक्त संग्रहाच्या कामाच्या.

ज्या पिढीने हे पाहिलं ती साठवणीसाठी देशी नोटेवर विश्वास ठेवायला तयार नव्हती. पगार सोलमध्ये येवो, बचत डॉलरमध्ये करायची. गाडी, जमीन, घराचं भाडं, महागडी सहल, म्हणजे ज्याचा सौदा आज होतो आणि पैसे हप्त्याहप्त्याने येतात ते सगळं डॉलरमध्ये ठरायला लागलं. हे शतक उजाडलं तेव्हा पेरूच्या बँकांतली बहुतांश कर्जं डॉलरमध्ये होती. शेजारच्या इक्वादोरने तर २००० साली स्वतःचं चलनच सोडून डॉलर घेतला. पेरूने तसं केलं नाही, आणि माझ्या मते तो निर्णय त्याला फळला.

त्यामागे दोन गोष्टी आहेत. एक, १९९३ च्या राज्यघटनेच्या ८४ व्या कलमाने मध्यवर्ती बँकेला सरकारी तिजोरीला कर्ज द्यायला बंदी घातली. तूट भरण्यासाठी नोटा छापण्याची वाट तिथेच बुजवली. दोन, २००२ पासून बँकेने महागाईचं लक्ष्य जाहीर करून त्याला धरून चालायला सुरुवात केली. २००७ पासून ते एक ते तीन टक्के आहे. या बँकेचं प्रमुखपद २००६ पासून दीर्घकाळ हुलिओ वेलार्दे यांच्याकडे राहिलं. त्याच काळात देशाचं राजकारण असं होतं की २०२० च्या नोव्हेंबरात आठवड्याभरात तीन राष्ट्राध्यक्ष झाले. माणसं येत-जात राहिली, सोल जागेवर राहिला. २०२१ च्या निवडणुकीच्या धामधुमीत एका डॉलरला चार सोलच्या वर दर गेला होता. तोही पुढे खाली आला. दर बाजारात ठरतो, पण फार झोके घेऊ लागला की बँक स्वतः डॉलर घेऊन किंवा विकून तो सावरते.

प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ फार सुखाचा आहे: पेरूत डॉलरचा काळा बाजार नाही. अर्जेंटिनाबद्दल वाचून आलेले लोक इथेही रस्त्यावर दामदुप्पट भाव मिळेल म्हणून शोधत बसतात. मिळत नाही. बँक, दुकान आणि रस्ता यांच्या दरांत काही सेंतिमोंचाच फरक असतो. कोणी बाजारापेक्षा खूप चांगला दर देत असेल तर तो नोटा मोजताना तुमचे पैसे काढणार आहे, एवढंच समजावं.

आता पैसे बदलायचे कसे? भारतातून निघताना सोल मिळत नाही आणि पेरूत रुपया कोणी घेत नाही. म्हणजे मध्ये डॉलर आलाच. युरोही चालतो, पण त्याचा दर पडेल असतो. रुपयाचा डॉलर करताना एकदा आणि डॉलरचा सोल करताना पुन्हा, असा दोनदा वटाव जातो. तो टाळता येत नाही, कमी मात्र करता येतो. विमानतळावर हॉटेलपर्यंत पोचण्यापुरतेच बदला. तिथला दर सगळ्यांत वाईट.

शहरात ‘कासा दे कांबिओ’ची छोटी दुकानं असतात आणि रस्त्यावर कांबिस्ते. कांबिस्ता म्हणजे पदपथावरचा सराफ: अंगात नगरपालिकेच्या परवान्याचं जाकीट, हातात गणकयंत्र आणि नोटांची जाड चळत. लिमातल्या मिराफ्लोरेस भागात लार्को रस्त्यावर आणि केनेडी बागेच्या परिसरात ते उभे असतात. लिमाच्या जुन्या भागातली ओकोन्या गल्ली तर महागाईच्या काळापासून डॉलरसाठीच ओळखली जाते. दुकानाबाहेरच्या पाटीवर दोन आकडे असतात, ‘कोंप्रा’ आणि ‘वेंता’. कोंप्रा म्हणजे ते तुमचा डॉलर ज्या भावाने घेणार तो, आणि वेंता म्हणजे ज्या भावाने तुम्हाला विकणार तो. तुम्ही डॉलर देणार, म्हणून तुमच्या कामाचा आकडा कोंप्राचा, दोहोंतला लहान. समजा कोंप्रा ३.५० आणि वेंता ३.५४ आहे, तर शंभर डॉलरचे ३५० सोल हातात आले पाहिजेत. वेगळं कमिशन सहसा नसतं. त्यांची कमाई त्या चार सेंतिमोंच्या फटीत आहे. रविवारी आणि रात्री ही फट रुंदावते. जाकिटाचा कांबिस्ता सहसा सरळ असतो, तरी मी दुकानाच्या आतलाच व्यवहार सुचवेन. भर रस्त्यात नोटा मोजताना कांबिस्त्यापेक्षा बघणाऱ्यांची भीती जास्त.

क्रम असा ठेवावा. आधी दर विचारा, मग गणकयंत्रावर एकूण रक्कम करून दाखवायला सांगा. सोल हातात घेऊन मोजा. पटले की मग डॉलर द्या. आणि एक विनंती न विसरता करा: शंभरच्या नोटा कमी, दहा-वीसच्या जास्त.

डॉलरची नोट कशी असावी, यावर एक स्वतंत्र परिच्छेद खर्चायला हवा, कारण भारतीय प्रवासी इथे सगळ्यांत जास्त अडतो. पेरूत डॉलर कोरा करकरीत लागतो. कडेला दोन मिलिमीटरची फाट, पेनाची रेघ, कोणा बँकेचा शिक्का, घडीवर झिजलेला भाग, यांपैकी काहीही असलं तर नोट परत येते किंवा भाव पाडून घेतली जाते. गंमत अशी, की सोलच्या नोटेला हे सोवळं नाही. मळकी, चुरगळलेली दहाची नोट बाजारात बिनतक्रार खपते. कारण उघड आहे. सोल संध्याकाळपर्यंत खर्च होणार, डॉलर गादीखाली वर्षानुवर्षं राहणार. साठवणीच्या वस्तूला डाग चालत नाही. म्हणून निघण्यापूर्वी इथल्या काउंटरवरच प्रत्येक नोट पालथी-उताणी करून पाहा आणि खराब असेल ती तिथेच बदलून मागा. शंभरच्या आणि पन्नासच्या नोटांना दर पूर्ण मिळतो.

दुसरं कारण खोट्या नोटांचं. बनावट डॉलर छापण्यात लिमाने नाव कमावलं आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने त्यासाठी तिथे कार्यालयच उघडलं. २०१६ मध्ये एका मोठ्या कारवाईत सुमारे तीन कोटी डॉलरच्या खोट्या नोटा सापडल्या. जिथे असं कसब आहे तिथे सोलही सुटत नाही. १००, ५० आणि २० च्या नोटा बनावट निघतात, इतकंच काय, ५ सोलचं नाणंसुद्धा. त्यामुळे दुकानदार तुमची नोट उजेडात धरतो, बोटाने चोळतो, कलती करून पाहतो. यात अपमान मानू नये. तुम्हीही त्याने दिलेली नोट तशीच पाहा, त्यालाही वाईट वाटत नाही. मध्यवर्ती बँक लोकांना तीन क्रिया शिकवते: हात लावा, पाहा, कलवा. खऱ्या नोटेवरची छपाई बोटाला खरबरीत लागते. उजेडात धरल्यावर जलचिन्हातला चेहरा छटांसह दिसतो, नुसती छापील बाह्यरेषा नाही. कलती केल्यावर रंग पालटतो. तीनपैकी एकच खूण पाहून थांबू नका.

टॅक्सीतली एक चलाखी सांगून ठेवतो. तुम्ही पन्नासची नोट देता, चालक ती क्षणभर खाली नेतो आणि ‘ही खोटी आहे’ म्हणून दुसरीच परत करतो. तिथे याला ‘कांबियासो’ म्हणतात. उपाय सोपा: टॅक्सीत मोठी नोट काढायचीच नाही, आणि भाडं बसण्याआधी ठरवायचं. लिमात साध्या टॅक्सीला मीटर नसतो.

यावरून सुट्टे. रिक्षात पाचशेची नोट पुढे केल्यावर आपल्याकडे जो चेहरा दिसतो, तोच पेरूत शंभर सोलच्या नोटेला दिसतो. ‘सेन्सियो’ म्हणजे सुट्टे, ‘वुएल्तो’ म्हणजे परत द्यायची मोड. ‘नो तेंगो वुएल्तो’ हे वाक्य पहिल्या आठवड्यात एवढ्या वेळा ऐकू येतं की वेगळं शिकावं लागत नाही. दुकानदार शेजारच्याकडे नोट मोडायला जाईल, पाच मिनिटं येणार नाही, आणि कधी कधी विक्रीच सोडून देईल. दिवसाला शे-दीडशे सोलची विक्री करणाऱ्या बाईच्या गल्ल्यात सकाळी नऊ वाजता नव्वद सोलची मोड असावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून बंद्या नोटा जिथे सहज मोडतात तिथेच मोडायच्या: सुपरमार्केट, औषधांची साखळी दुकानं, पेट्रोलपंप, बऱ्यापैकी उपाहारगृह. दोनशेची नोट तर बँकेच्या खिडकीतच मोडलेली बरी. एक आणि दोन सोलची नाणी वेगळ्या खिशात ठेवा. सार्वजनिक शौचालयाला पन्नास सेंतिमो किंवा एक सोल लागतो, कुस्कोसारख्या शहरांच्या बसस्थानकात तिकिटाव्यतिरिक्त फलाटाचं छोटं शुल्क रोख द्यावं लागतं, आणि लामा घेऊन उभी असलेली पारंपरिक वेशातली बाई फोटो काढल्यावर दोन-चार सोलची वाट पाहते. बोलताना सोलला ‘लुका’ म्हणतात, ‘दिएस लुकास’ म्हणजे दहा सोल. आणि ‘चीना’ म्हणजे पन्नास सेंतिमो. बसचा वाहक चीना मागतो तेव्हा देशाचा काही संबंध नसतो.

एटीएम शहरांत भरपूर आहेत आणि त्यांतली बरीच सोल व डॉलर दोन्ही देतात. पडद्यावर आधी चलन विचारलं जातं. तिथे सोल निवडा, नाहीतर हातात डॉलर येतील आणि ते पुन्हा बदलायला जावं लागेल. एका वेळी काही शे सोलच निघतात आणि यंत्राचं शुल्क प्रत्येक वेळी वेगळं कापलं जातं, तेव्हा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच मर्यादेएवढे काढावेत. बँकेच्या आतलं यंत्र पसंत करावं, दिवसाउजेडी. दुकानात कार्ड देताना यंत्र कधी विचारतं, रक्कम तुमच्या देशाच्या चलनात घेऊ का? उत्तर नेहमी नाही. हो म्हटलं तर दर दुकानाच्या बँकेचा लागतो आणि तो तुमच्या बँकेपेक्षा महाग असतो. भारतीय कार्डांवर परकीय चलनाचं वेगळं शुल्क असतंच, आणि अनेक बँकांत ते साडेतीन टक्क्यांपर्यंत जातं. ते किती हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावं.

भारतीय प्रवाशाला सगळ्यांत जवळचं दृश्य मात्र भाजीबाजारात दिसतं. शहाळ्यापासून बूटपॉलिशपर्यंत सगळीकडे जांभळा चौकोनी कोड लटकलेला असतो. हे ‘यापे’. एका मोठ्या खासगी बँकेने २०१७ च्या सुमारास आणलेलं हे फोनवरचं पाकीट आता इतकं रुळलं आहे की लोक त्याचं क्रियापद करून वापरतात. दुसरं ‘प्लिन’. २०२३ मध्ये मध्यवर्ती बँकेच्या आदेशाने दोन्ही एकमेकांना जोडली गेली. हात शिवशिवतो, पण आपला यूपीआय तिथे चालत नाही आणि यापेला स्थानिक फोन क्रमांक व ओळखपत्र लागतं, त्यामुळे पाहुण्याच्या हाती रोखच उरते. यात एक दुवा आहे: २०२४ च्या जूनमध्ये पेरूच्या मध्यवर्ती बँकेने यूपीआय चालवणाऱ्या मुंबईच्या एनपीसीआयच्या आंतरराष्ट्रीय शाखेशी करार केला, यूपीआयच्या धर्तीवर पेरूची स्वतःची तत्काळ देयक व्यवस्था उभारण्यासाठी. दक्षिण अमेरिकेत असा हा पहिलाच करार. एकविसाव्या शतकातला पैशाचा प्रवाह निदान तंत्राच्या बाबतीत इकडून तिकडे चालला आहे.

हॉटेलच्या बिलावर एक बचत आहे, ती सांगायलाच हवी. पेरूत विक्रीकर १८ टक्के आहे आणि तो सहसा भावातच धरलेला असतो. पण परदेशातून आलेल्या, साठ दिवसांपेक्षा कमी राहणाऱ्या पर्यटकाला निवासावर तो माफ आहे. त्यासाठी हॉटेलात पासपोर्ट आणि देशात प्रवेश केल्याची नोंद दाखवावी लागते. शंभर डॉलरच्या खोलीचं बिल एकशे अठरा आलं, तर आधी हे विचारा. छोट्या घरगुती निवासांना ही कागदपत्रं जमतीलच असं नाही. नोंदणीकृत हॉटेलांत जमतात. खोलीचा भाव डॉलरमध्ये असला तरी पैसे सोलमध्ये देता येतात. फक्त ते कोणत्या दराने धरतात ते पाहा. काही जण स्वतःचा गोल आकडा लावतात आणि तो क्वचितच तुमच्या फायद्याचा असतो. फरक मोठा असेल तर डॉलरच द्यावेत. माझ्या मते मोठ्या खर्चासाठी डॉलर किंवा कार्ड आणि रोजच्यासाठी सोल, ही पेरूवासीयांचीच पद्धत प्रवाशालाही सोयीची.

डोंगरात आणि बेटांवर जाताना रोख आधी बांधून न्यायची. तितिकाका सरोवरातल्या ताकिले, आमांतानी बेटांवर एटीएम नाही. मुक्कामाचे, जेवणाचे, विणकामाचे पैसे हातात द्यायचे आणि तेही सुटे. कोल्का दरीतल्या खेड्यांत, इंका वाटेवर हमालांना बक्षिसी देताना, अमेझॉनच्या नावेत, सगळीकडे तेच. बक्षिसीची रक्कम एकत्र न देता माणशी वेगळी द्यायची असेल, तर दहा-वीसच्या नोटा कुस्कोतूनच घेऊन निघावं.

परत निघताना सोल उरवू नका, कारण पेरूबाहेर त्याला फारसा विचारणारा नाही. बोलिव्हियाकडे जात असाल तर देसाग्वादेरो किंवा कोपाकाबानाच्या सीमेवर, आणि चिलीकडे जात असाल तर ताक्नात कांबिस्ते सोल घेतात. पुढच्या पहिल्या दिवसापुरतं तिथे बदलावं, बाकीचं लिमा किंवा कुस्कोतच डॉलरमध्ये फिरवून घ्यावं. या वेळी तुमच्या कामाचा आकडा वेंताचा असेल. नाणी कोणीच बदलून देत नाही. ती विमानतळावरच्या कॉफीत घाला. फक्त त्याआधी एक सोलची नाणी उलटून पाहा: २०१० पासून मध्यवर्ती बँकेने देशातल्या वारशाची, पिकांची आणि धोक्यातल्या प्राण्यांची चित्रं असलेल्या मालिका काढल्या, त्यात सिल्लुस्तानीचे दगडी मनोरे आहेत, किनुआ आणि कोको आहेत, चष्मेवालं अस्वल आणि तितिकाकाचा महाकाय बेडूकही आहे. पेरूतली मुलं आणि मोठी माणसं ती जमवतात, आणि एकेका नाण्याला खर्च पंचवीस रुपये.